मागणी, दावा आणि हक्क



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला, की आता हा संपावर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही संपावर बोलणार नाही. एका शब्दावर बोलणार आहो. शब्द इंग्रजी आहे, दोन अक्षरांचा आहे, आणि या सभेत तो ठाऊक नसलेला माणूस सापडणे कठीण. तो शब्द म्हणजे ‘क्लेम’.

आम्ही भाषापंडित नव्हे. कॉलेजची पायरी आम्ही चढलेलो नाही. इंग्रजीशी आमचा परिचय झाला तो कायद्याच्या पुस्तकांतून, एका हाताशी कोश ठेवून. पण शब्दांशी आमचा संबंध रोजचा आहे. कामगाराचा अर्ज लिहिताना एक शब्द चुकला, तर त्याची किंमत रुपयांत मोजावी लागते. तेव्हा शब्दांचा विचार हा पंडितांचा विरंगुळा असेल, आम्हांला तो धंद्याचा भाग आहे.

आपल्या तालुक्यात हा शब्द आता घरोघर गेला आहे. २०१६ च्या खरिपापासून पंतप्रधान पीकविमा योजना आली आणि सोयाबीनवाल्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘क्लेम’ बसला. गारपीट झाली, शिवारात पाणी साचले, की ७२ तासांच्या आत कळवायचे असे. मग जो भेटेल तो विचारी, “भाऊ, क्लेम टाकला काय?” पुढे “क्लेम पास झाला काय?” आणि शेवटी, “माह्या क्लेमचं झालं काय?” राज्यात २०२३ साली एक रुपयात विमा आला, २०२५ च्या खरिपापासून ती सवलत गेली. सवलत गेली, शब्द मात्र राहिला. दवाखान्यात मेडिक्लेम, मोटारीचा अपघाती क्लेम, कारखान्यातून सुटलेल्या माणसाचा फंडाचा क्लेम, असा तो सर्वत्र वावरतो.

आता आमचा प्रश्न असा. या सगळ्या ठिकाणी ‘क्लेम’ म्हणणारा माणूस नेमके काय म्हणतो? तो विनंती करतो आहे, की मागणी? दावा लावतो आहे, की हक्क बजावतो आहे? इंग्रजीने या सगळ्यांना एकाच टोपीखाली घातले आहे. आपल्याच मालकीची वस्तू मागणे, हाही क्लेम. ती मागण्याचा जो अधिकार, तोही क्लेम. आणि पुरावा न देता एखादी गोष्ट खरी म्हणून सांगणे, हाही क्लेमच. ‘हे तेल लावल्याने केस उगवतात, असा कंपनीचा दावा आहे,’ असे वर्तमानपत्र लिहिते, ते या तिसऱ्या अर्थाने. मराठीने मात्र या पायऱ्या निरनिराळ्या ठेवल्या आहेत. त्या ओळखून पाय टाकला तर माणूस वर जातो, नाही तर पहिल्याच पायरीवर हात जोडून उभा राहतो.

प्रथम या शब्दांची कुळे पाहू. ‘क्लेम’ लॅटिन भाषेतून आला. तिथे त्याच्या मूळ धातूचा अर्थ मोठ्याने हाक मारणे, ओरडणे असा आहे. इंग्रजीत गलबल्याला ‘क्लॅमर’ म्हणतात, तो याच घरचा. आपला ‘दावा’ अरबीतून आला. त्याच्याही धातूचा अर्थ बोलावणे, हाक घालणे. जेवणाची ‘दावत’ आणि परमेश्वराजवळची ‘दुआ’ ही त्याचीच भावंडे. ‘फिर्याद’ फारसी. तिचा अर्थ मदतीसाठी फोडलेली हाक. पाहा, तीन दूरदूरच्या देशांतल्या लोकांना एकच गोष्ट कळली होती, की जो हाक मारीत नाही त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आपल्या आयाबाया हेच सांगतात, की रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही.

‘मागणे’ हे क्रियापद संस्कृताच्या घरचे, त्याच्या मुळाशी शोधणे हा अर्थ आहे. आणि ‘हक्क’? हा शब्द अरबी आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ओरडणे नव्हे, मागणे नव्हे. त्याचा अर्थ आहे सत्य. बाकीचे शब्द तोंडातून निघतात. हक्क हा आधीच असतो, कोणी बोलो वा न बोलो. हा फरक आज आपण मनात ठेवावा, एवढ्याचसाठी आम्ही उभे आहो.

शब्दाचा स्वभाव पाहायचा असेल तर त्याच्याबरोबर नांदणारी क्रियापदे पाहावीत. मागणी करतात, मांडतात, रेटतात, मान्य करतात, फेटाळतात. म्हणजे मागणीला ऐकणारा लागतो, आणि ‘होय’ वा ‘नाही’ त्याच्या तोंडी असते. मुलीला मागणी घालतात तीही अशीच, होकार पलीकडच्या घरात असतो. दावा लावतात, लढवतात, जिंकतात, हरतात. म्हणजे दाव्याला प्रतिपक्ष लागतो, पुरावा लागतो, पंच लागतो. जुन्या मराठीत दावा म्हणजे वैरही. ‘उभा दावा’ म्हणजे कायमचे वैर आणि ‘दावा साधणे’ म्हणजे सूड घेणे. शिवाय गुराला बांधतो ते दावे निराळे, पण दोघांचीही रूपे ‘दाव्याला’ अशीच होतात. कोर्टात दावा लावलेला माणूस वर्षानुवर्षे दाव्याला बांधलेला आम्ही पाहतो, तेव्हा भाषेनेच ही थट्टा केली असावी असे वाटते.

आणि हक्क? हक्क सांगतात, हक्क राखतात, हक्क सोडतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हक्क बजावतात. मतदानाचा हक्क आपण बजावतो. त्यासाठी केंद्रावरच्या अधिकाऱ्याजवळ ‘कृपा व्हावी’ असा अर्ज करीत नाही. हक्काला कोणाच्या होकाराची गरज नसते. त्याला देणेकरी असतो.

हे शब्दांचे खेळ वाटतील. म्हणून एक खरी हकीकत सांगतो. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांना अमाप नफा झाला. महागाई वाढली तशी मजुरीवर वाढ मिळाली, आणि १९१९ ते १९२२ या सालांसाठी एका महिन्याच्या पगाराइतका बोनसही मिळाला. १९२३ सालासाठी मालकांनी हात आखडला. १९२४ च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने काय पाहिले? कामगारांच्या घरी चूल पेटते की नाही, हे नव्हे. तिने एकच गोष्ट पाहिली, की कामगारांचा बोनसवर ‘क्लेम’ आहे काय. आणि निष्कर्ष दिला, की रूढीने म्हणा, कायद्याने म्हणा वा न्यायबुद्धीने म्हणा, बजावून घेता येईल असा क्लेम कामगारांनी सिद्ध केलेला नाही. संप मोडला. बोनस हे बक्षीस ठरले. धन्याने खुशीने द्यावे, न दिले तर घेणाऱ्याने तोंड उघडू नये.

मंडळी, त्या एका शब्दाचा अर्थ बदलून घ्यायला या देशातल्या कामगाराला चाळीस वर्षे लागली. १९५० साली श्रमिक अपील न्यायाधिकरणाने गिरण्यांच्याच प्रकरणात नफ्याच्या वाटणीचे सूत्र घालून दिले. नफा भांडवल आणि श्रम या दोघांच्या मिळून कष्टाचा आहे, हे त्यात मान्य झाले. तेव्हा बक्षिसाचा दावा झाला. नफा दाखवा, हिशेब मांडा, मग वाटा मागा. १९६५ साली बोनसचा कायदा झाला, नफा असो वा तोटा, किमान ४ टक्के बोनस द्यायचा असे ठरले. तेव्हा दाव्याचा हक्क झाला. १९७२ मध्ये ते प्रमाण ८.३३ टक्के झाले, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, एका महिन्याचा पगार. १९२४ च्या माणसांनी मागितला होता तोच! २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन २०१९ ची वेतनसंहिता लागू झाली, तरी किमान ८.३३ टक्के तिच्यातही राहिले आहेत. आज दिवाळीला एखादा दुकानदार नोकराच्या हातावर मिठाईचा डबा ठेवतो आणि म्हणतो, ‘हा घे बोनस,’ तेव्हा १९२४ साल अजून सरलेले नाही असे समजावे. डबा हे प्रेम झाले. प्रेमाने दिलेला डबा घ्यावा, पण जिथे कायदा लागू आहे तिथे त्याला बोनस म्हणू नये.

आता कोणी म्हणेल, कायदा झाला म्हणजे हक्क मिळाला. तसेही नाही. महाडचे उदाहरण घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा ठराव सीताराम केशव बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडला आणि तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क पुरा झाला. पण ओंजळभर पाणी कोणाला मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यांनी मागणी केली नाही, दावाही लावला नाही. त्यांनी हक्क बजावला.

दावा लावला तो पलीकडच्यांनी. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात स्पृश्यांतर्फे फिर्याद पडली, की तळे आमचे, पूर्वापार वहिवाट आमची. कोर्टाने तात्पुरती मनाई केली. हा दावा खालून वर चढत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की अनादिकालाची म्हणतात ती वहिवाट सिद्ध झालेली नाही. दहा वर्षांत तीन दिवस कमी! इथे दोन शब्दांची समोरासमोर कुस्ती झाली. एका बाजूला दावा होता, दुसऱ्या बाजूला हक्क होता. दाव्याला पुरावा लागला, तो निघाला नाही. हक्काला फक्त बजावणारा माणूस लागला होता.

आपल्या गावाचीच गोष्ट पाहा. १८८८ साली इथे शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती जमिनीतून निघाली. ती विलायतेला नेण्याचा साहेबांचा बेत होता, आणि तो ध्यानात येताच गावकऱ्यांनी घाईघाईने मूर्तीची प्रतिष्ठापना करून पूजा सुरू केली, असे जुनी माणसे सांगत आली. या गोष्टीतला व्यवहार लक्षात घ्यावा. त्या काळी साहेबाकडे अर्ज गेला असता, तर अर्जावर शेरा पडेपर्यंत मूर्ती बोटीत चढली असती. गावाने अर्ज केला नाही, घंटा वाजवली. पूजा सुरू झालेला देव उचलणे राजालाही जड जाते. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण आपण नेहमी दांडग्यांसाठी वापरतो. कधी कधी ती गरिबांच्याही कामी येते.

पण वर बसलेल्यांच्या दाव्यात खाली बसलेल्यांचा हक्क कसा हरवतो, तेही याच भूमीने पाहिले. १८५३ च्या तहाने निजामाने आपल्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिला. १९०२ साली तोच वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिला गेला. १९२३ साली निजामाने उठून वऱ्हाड परत मागितला. १९२६ साली व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी उत्तर दिले, की सार्वभौम सत्ता आमची, तिच्याशी बरोबरीने वाद घालता येणार नाही. एक म्हणतो माझा, दुसरा म्हणतो माझा. पैनगंगेच्या काठी राबणाऱ्या माणसाला त्या तहाच्या वेळी वा पट्ट्याच्या वेळी कोणी विचारले नाही, की बाबा, तू कोणाचा? एखाद्या वस्तूवर दोन बडे दावेदार भांडू लागले, की त्या वस्तूत माणसे राहतात हे विसरले जाते. आजही जमिनी संपादन होतात, गिरण्या आणि कारखाने विकले जातात, तेव्हा बँकेचा दावा, सरकारचा दावा, भागीदाराचा दावा, असे सगळे कागदावर येतात. थकलेल्या मजुरीचा कागद शोधावा लागतो.

आता आजच्या माणसाकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात कारखाने, सूतगिरण्या, एस.टी., सहकारी संस्था यांतून निवृत्त झालेले कितीतरी लोक १९९५ च्या पेन्शन योजनेत आहेत. त्यांच्या आंदोलनाने बुलढाण्याचे नाव देशभर नेले. अशा एका पेन्शनराच्या पिशवीत तीन निरनिराळे कागद असतात, आणि तिघांनाही तो ‘माझा क्लेम’ म्हणतो. सप्टेंबर २०१४ पासून ठरलेले किमान १००० रुपये, हा त्याचा हक्क. तो त्याने मागायचा नाही, वसूल करायचा. सुप्रीम कोर्टाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर, अटींत बसत असल्यास, जादा पगारावरच्या पेन्शनचा त्याचा जो अर्ज, तो दावा. तिथे नोकरीचे कागद हवेत, वर्गणीचा हिशेब हवा, मालकाची सही हवी. आणि किमान पेन्शन ७५०० रुपये करा, ही मागणी. तिथे कागदाचे काम नाही, माणसांचे काम आहे. दहा माणसे असतील तर ती विनंती, दहा लाख असतील तर ती मागणी.

आमच्याकडे लोक येतात आणि या तिन्हींची सरमिसळ करतात. हक्काच्या जागी विनंती लिहितात, ‘तरी मायबाप सरकारने कृपा करून माझी थकलेली मजुरी द्यावी’. अहो, मजुरी ही कृपा कशी? काम झाले त्या क्षणी ती तुमची झाली, मालकाच्या पेटीत तुमचे पैसे पडून आहेत एवढेच. उलट दाव्याच्या जागी घोषणा देतात. जिथे हजेरीचा कागद दाखवायचा, तिथे मूठ दाखवतात. आणि मागणीच्या जागी कोर्टात जातात. जी गोष्ट अजून कोणत्याही कायद्यात नाही, ती न्यायाधीशाने कुठून द्यावी? तिन्ही ठिकाणी माणूस खरा असतो, आणि तिन्ही ठिकाणी हरतो.

म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही सांगत असतो. हे मला कोणत्या नियमाने मिळायचे आहे? ते कोणी द्यायचे आहे? आणि केव्हापर्यंत? तिन्हींची उत्तरे असतील, तर तो हक्क. मग विनंतीचे शब्द खोडावेत आणि रक्कम, तारीख, नियम लिहावा. नमस्कार खोडू नये. नम्रता आणि लाचारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नियम आहे पण वस्तुस्थितीवर वाद आहे, तर तो दावा. मग पुरावा गोळा करावा, पोच घ्यावी आणि मुदत पाहावी. मजुरीच्या १९३६ च्या कायद्यात दाव्याची मुदत आरंभी ६ महिन्यांची होती, पुढे १२ महिन्यांची झाली, वेतनसंहितेत ती ३ वर्षांची आहे. मजुरी चुकती केली हे दाखविण्याचा भारही तिने मालकावर टाकला आहे. आणि नियमच नसेल, तर ती मागणी. मग एकट्याने जाऊ नये. संघटना काढावी, असलेल्या संघटनेत यावे, लोकांना पटवावे. आजचे सगळे हक्क कालच्या मागण्या होत्या. आठ तासांचा दिवस ही मागणी होती, रविवारची सुटी ही मागणी होती, बाळंतपणाची भरपगारी रजा ही मागणी होती. त्या ज्यांनी केल्या त्यांतल्या पुष्कळांना त्या मिळालेल्या पाहायला मिळाले नाही.

याच्या उलट बाजूचीही एक गोष्ट सांगणे भाग आहे. जे जे हवे ते ते ‘आमचा हक्क’ म्हणण्याची सवय वाढली आहे. ओळखीच्या जोरावर रांगेत पुढे घुसणे हाही हक्क, सार्वजनिक नळाचे पाणी आपल्या टाकीत ओढणे हाही हक्क. नाणे फार घासले की त्यावरचा छाप जातो. ज्याचा देणेकरी दाखवता येत नाही, त्याला हक्क म्हणू नये. तो आपल्या इच्छेचे नाव बदलण्याचा प्रकार आहे.

आणि जे शब्दांचे मोठे भांडण आम्ही मालकांशी करतो, ते घरात आले की गप्प बसतो. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन पाहा. बाप गेला, की बहिणींना बोलावून ‘हक्कसोडपत्रा’वर अंगठे आणि सह्या घेतात. महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केले, की तो तिला जन्मानेच आहे. जन्माने मिळालेला हक्क एका साडीवर आणि चार दिवसांच्या माहेरपणावर सुटतो. ती खुशीने सोडीत असेल तर प्रश्न नाही. पण ‘सही केली नाही तर माहेर तुटेल’ या भीतीने सोडीत असेल, तर आपण तिच्याशी तेच करतो आहो, जे १९२४ साली गिरणीमालकांनी आमच्या माणसांशी केले. तिचा हक्क घेऊन तिला बक्षीस देतो.

मराठीत ‘हक्काने’ असा एक गोड शब्द आहे. शेजारीण हक्काने वाटीभर साखर मागते. मित्र हक्काने रागावतो. ‘ते आमचे हक्काचे माणूस’ असे आपण म्हणतो, तेव्हा तिथे कोर्ट नसते, कायदा नसते, भांडण नसते. मागणाऱ्याला लाज नसते आणि देणाऱ्याला उपकाराची धुंदी नसते. आम्हांला वाटते, हक्क या शब्दाचा हाच खरा अर्थ आहे, आणि हाच अर्थ कारखान्यात, कचेरीत, पाणवठ्यावर आणि वाटणीच्या कागदावर आणणे, एवढेच आमच्या चळवळीचे काम आहे. खिडकीपाशी उभा राहिलेला म्हातारा पेन्शनर ‘कृपा करा’ न म्हणता, ‘माझे द्या’ असे म्हणेल, आणि खिडकीमागचा माणूस न रागावता ‘हे घ्या, बाबा’ असे म्हणेल, त्या दिवशी आम्हां संघटनेवाल्यांना घरी बसायला हरकत नाही.

तोवर शब्द जपून वापरा, आणि कागदाची पोच घ्यायला विसरू नका.